पांढरी माती

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला सरांनी दिलेलं पहिलंच काम असं होतं : 'तुम्ही ज्या घरात लहानाचे मोठे झालात, त्या घराचा प्लॅन काढून आणा.' दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचं, घर मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. वर्गातली बहुतेक पोरं शहरातली. त्यांना बाल्कन्या होत्या, जिने होते, कुणाला बंगले होते. मला वाटलं, आपलं काम सगळ्यांत सोपं. चारशे चौरस फुटांचं घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं थोडी मोकळी जागा. आप्पांनी एक टोक धरलं, मी दुसरं. अर्ध्या तासात घर मोजून झालं.

सुट्टीनंतर सरांनी शीट बघितलं. रेघा बऱ्या आहेत म्हणाले. मग विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच."

"कोण कुठं झोपतं, ते दाखव."

मी पेन्सिलीनं दाखवायला लागलो. आप्पा-आई इथं, ताई इथं, मी आतल्या खोलीत पेटीजवळ. आणि आजी... तिथं पेन्सिल अडली. आजीची बाज माझ्या प्लॅनमध्ये कुठंच बसत नव्हती. ती उंबऱ्याच्या बाहेर होती. उन्हाळ्यात बाहेर, हिवाळ्यात गोधड्या पांघरून बाहेर. पाऊस लागला की आजी बाज दारात ओढायची. अर्धी बाज आत, अर्धी बाहेर. डोकं बाहेर, पाय आत. मोठा पाऊस असला तर बसून रात्र काढायची, पण आत येऊन स्लॅबखाली आडवी व्हायची नाही. माझा जन्म १९९६ चा. कळायला लागल्यापासून मी हेच बघत आलो होतो, त्यामुळं मला त्यात कधी काही वेगळं वाटलंच नव्हतं.

सर म्हणाले, "मग हा प्लॅन चार माणसांचाच झाला की."

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. त्या रात्री होस्टेलच्या खोलीत वर बघत पडलो. वर स्लॅबच होता.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या खोऱ्यातलं. म्हणजे आता सांगायला नकोच. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, नाचून-गाऊन थकलेली माणसं झोपली आणि पहाटे चार वाजायच्या जरा आधी, तीन छप्पन्नला जमीन हलली. किल्लारी आणि आसपासची गावं बसल्या जागी बसली. लातूर-उस्मानाबाद मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आमच्या घरातलं एक गेलं. माझी आत्या. अकरा वर्षांची होती. तिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. फोटोही नाही. फोटो होता तो मातीत गेला.

भूकंपानंतर बावन्न गावं उठवून दुसऱ्या जागी वसवायचं ठरलं. आमचं त्यातलंच. जुन्या गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर शेतजमीन घेऊन तिथं नवं गाव आखलं. सरळ रेघेत रस्ते, काटकोनात चौक, एकासारखी एक घरं. ज्याची जमीन जेवढी त्या मानानं घर : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, त्याच्या वर साडेसातशे. आमचं पाच एकर रान, म्हणून चारशे. सरकारनं सातबारा बघून घराचं माप ठरवलं. घरात माणसं किती, म्हातारी किती, जनावरं किती, हे त्या हिशेबात नव्हतं.

आमच्याकडं जमिनीला दोनच नावं. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गाव बसलेली जमीन. पिढ्यान् पिढ्या माणसं राहून, राख-शेण-माती पडून पांढरी झालेली. कुणी गाव सोडून गेला तर म्हणत, त्यानं पांढरी सोडली. नवं गाव काळीत वसलं. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. पायाला ती स्वस्थ बसू देत नाही. पाच-सात वर्षांत कितीतरी घरांच्या जोत्याला चिरा गेल्या. आमच्या मागच्या भिंतीतही एक चीर आहे, वैशाखात तिच्यात आख्खं बोट जातं आणि श्रावणात ती मिटते. आप्पा म्हणायचे, "काळीला सवय न्हाई माणसाचं वझं झेलायची. तिला ज्वारी पायजे."

मी शाळेत असताना नवं गाव मला आवडायचं. रस्ता एवढा रुंद की आम्ही त्यावर क्रिकेट खेळायचो. पण आईला आणि शेजारच्या काकूंना तो रस्ता कधी आवडला नाही. जुन्या गावात माळवदाला माळवद लागून होतं. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याच्यावर मिरच्या, कुरडया वाळायच्या. एका घरची बाई वरच्या वर चौथ्या घरी जाऊन विरजण घेऊन यायची, तिला रस्त्यावर उतरावंच लागत नव्हतं. खाली उतरली तरी बोळ होते. पारावरच्या माणसांच्या पुढ्यातून जावं लागायचं नाही. नव्या गावात शेजारच्या ओळीत जायचं तरी साठ-सत्तर पावलांचा उघडा रस्ता, दोन्हीकडं माणसं बसलेली. काकू म्हणायच्या, "विरजनाला जायचं तरी पदर सावरून, लुगडं नेटकं करून जावं लागतंय. परगावी गेल्यासारखं."

हे मला कॉलेजात गेल्यावर आठवायला लागलं. तिसऱ्या वर्षाला आम्हाला सामान्यांची घरबांधणी हा विषय होता. चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला बांधलेली वसाहत बघायला गेलो. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती बसवलेली, तसे तीन चौक मिळून एक मोठा चौक. कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला त्याला आपापलं घर हवं तसं वाढवता यावं. बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीचे नकाशे बघितले. तिथं गरिबाला आख्खं घर बांधून दिलंच नाही. जोतं दिलं, पाण्याची-संडासाची सोय दिली, आणि पुढचं तुझं तू बांध म्हणून सांगितलं. लोकांनी ओटे केले, जिने काढले, रंग दिले. हे दोशी आपल्या पुण्यात जन्मलेले. २०१८ ला त्यांना प्रित्झ्कर मिळाला तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले होते.

हे सगळं बघून माझं डोकं फिरलं म्हणा. मला नव्या गावाचा राग यायला लागला आणि जुनं गाव डोळ्यांपुढं नाचायला लागलं. वर्गात मी तावातावानं बोलायचो : आमचे वाडे कसे होते, ढाळज कशी होती, तीन-तीन फुटी दगडी भिंती, बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत गारवा. मी हे कधी बघितलेलं नव्हतं. माझा जन्मच पत्र्याच्या शेडमधला, भूकंपानंतरच्या तात्पुरत्या वसाहतीतला. पण न बघितलेल्या गोष्टीवर माणूस जास्त ठामपणे बोलतो.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१७ च्या मे महिन्यात, घरी एक गोष्ट घडली. सोयाबीनचे आणि दुधाचे करून आप्पांनी थोडे पैसे मागं टाकले होते. म्हणाले, "एक खोली काढू. तुज्या आजीसाठी. सत्तरी गाठली तिनं. आजून किती दिस उघड्यावर झोपल? आन् आता घरात इंजिनेर हायच की." आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यात फरक असतो हे मी त्यांना दहादा सांगून झालं होतं.

माझं पहिलं खरंखुरं काम! मी वह्या, टेप घेऊन जुन्या गावात गेलो. सोबतीला गावातले एक म्हातारे गवंडी होते. जुन्या गावात आता येड्या बाभळी माजल्यात. मधेच एखादी चौकट उभी दिसते, मागं काहीच नाही. खांब, तुळया लोकांनी केव्हाच काढून नेल्या. आमच्या घराचं जोतं सापडलं. एका भिंतीचा कमरेएवढा तुकडा उभा होता आणि त्यात एक देवळी होती, दिवा ठेवायची. आत अजून काजळी होती. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. तेवीस पावसाळे त्या काजळीला धुऊ शकले नव्हते.

मी सगळं मोजलं. भिंत तीन फूट दोन इंच. खोली दहा बाय बारा. खणांचं अंतर, उंबऱ्याची उंची, देवळीची खोली. गवंड्यांनी भिंतीच्या कापल्या अंगाकडं बोट केलं. "हे बघा मालक. हितं खरी गोम हाय." भिंत बाहेरून एक वाटायची, पण ती दोन भिंती होत्या. बाहेरच्या अंगाला दगडाची एक ओळ, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधे नुसती माती आणि बारीक दगड भरलेले. या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारा एकही लांब दगड नाही. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारं काहीच नाही. हलल्याबरोबर एक अंग आत ढासळायचं, एक बाहेर. मी ते वहीत टिपून घेतलं आणि पुढं गेलो. मला त्या दिवशी देवळी जास्त महत्त्वाची वाटत होती.

आठ दिवस बसून मी ड्रॉइंग केलं. घराच्या पुढं एक खोली. दीड फूट जाडीची दगडी भिंत, पण सिमेंटमध्ये, आरपार दगड घालून, कोपऱ्यात सळ्या, दाराच्या वर सगळीकडून फिरवलेला काँक्रीटचा पट्टा. भूकंपाला टिकेल अशी. आत जुन्या घरातल्यासारखी देवळी. वर माळवदासारखं दिसणारं सपाट छप्पर. उजेडाला आणि धुराला माळवदात असायचं तसं साणं. रंगीत पेन्सिलीनं सगळं रंगवलं. दारात आजी बसलेली काढली.

रात्री जेवणं झाल्यावर कागद आजीच्या बाजेवर पसरला आणि बॅटरी धरून समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. देवळीवर बोट ठेवलं, हसली. मग विचारलं, "ही भित कशाची?"

"दगडाची. आपल्या जुन्या घरासारखी. गार राहील बघ आत."

"आन् वर काय?"

"स्लॅब, आणि त्याच्यावर मातीचा थर. दिसायला माळवद."

आजीनं कागदाची घडी घातली. नीट, चार घड्या. माझ्या हातात दिली. "लई गुनी हाईस लेकरा. पर मला नगं."

मी वाद घालायला लागलो. ही भिंत पडणार नाही, त्यात सळ्या आहेत, असं आहे, तसं आहे. आप्पा खुणेनं गप्प राहा म्हणत होते. मी थांबलो नाही. शेवटी म्हणालो, "आजी, तूच तर सांगतीस, जुन्या घरात किती गार होतं म्हणून."

"गार व्हतं," ती म्हणाली. "खरं हाय ते. त्याच गार भितीला लागून निजली व्हती ती."

आप्पा उठून गोठ्याकडं गेले. आजी बोलत राहिली. इतक्या वर्षांत ती या गोष्टीवर कधी बोलली नव्हती. निदान माझ्यापुढं नव्हती.

"आदल्या वर्सी बी धक्के बसले व्हते. दिवाळीच्या आगंमागं. लोकं भ्याली, काई दिस भाईर निजली. मग काई झालं न्हाई, परत आत गेली. त्या धक्क्यानं माळवदाला भेगा पडल्या व्हत्या. गळाय लागलं. तुजा आजा मनला, औंदा मिरगाच्या आदी माती जास्त टाकू. गढीवरून पांढरी माती आनली. चाळीस पाट्या. मी टाकल्या. शिडीवरून डोस्क्यावर घिऊन. एक बी दुसऱ्यानं उचलली न्हाई. ती खाली हुबी राहून मोजायची. चाळीस झाल्या की मनली, माय, आता उतर."

ती थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी खांबाजवळ व्हते, तुळईनं मला झेलली. ती भितीकडं व्हती. दुसऱ्या दिशी काडली तवा अंगावर दगूड थोडा आन् मातीच जास्त. पांढरी माती. मी वळखली. मीच टाकलेली."

मला काय बोलावं सुचेना. बॅटरी चालू राहिली होती, तिचा उजेड रस्त्यावर पडला होता. मी ती बंद केली.

त्या रात्री मला झोप आली नाही. आतमध्ये पडून राहणं बरं वाटेना म्हणून बाहेर जोत्यावर येऊन बसलो. आणि शिकलेला माणूस जे करतो ते केलं. हिशेब करायला लागलो. खोली दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. गवंड्यांनी सांगितलं होतं, जुन्या माळवदांवर दोन-दोन फूट माती असायची, कारण दर दोन-चार वर्षांनी वर नवी टाकायची आणि जुनी कुणी काढायचं नाही. म्हणजे दोनशे चाळीस घनफूट. एका घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तर दहा हजार आठशे किलो. जवळजवळ अकरा टन. एक भरलेला ट्रक डोक्यावर घेऊन माणसं झोपत होती. आजीच्या चाळीस पाट्या, पंधरा किलोची एक, म्हणजे सहाशे किलो. अठरावा हिस्सा. बाकीचे सतरा हिस्से तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं, त्यांच्या आधीच्यांनी टाकलेले. आणि छप्पर आपण होऊन पडलंच नव्हतं. ते खांबांवर होतं. आधी भिंत फुगून फुटली, कारण तिच्यात आरपार दगड नव्हता. भिंत गेली म्हणून कडेची माती घसरली. माळवदावर एकही नवी पाटी नसती तरी ती भिंत गेलीच असती.

सकाळी चहा पिताना मी हे आजीला सगळं सांगितलं. काड्या मांडून सांगितलं. सतरा काड्या एकीकडं, एक काडी एकीकडं. दोन पेले शेजारी-शेजारी ठेवून भिंत कशी फुटते ते दाखवलं. मी आर्किटेक्चरला गेल्यापासून शिकलेलं काही जर कुठं कामाला आलं असेल तर ते त्या सकाळी, असं मला वाटत होतं.

आजीनं मन लावून ऐकलं. एकटी पडलेली काडी उचलली. म्हणाली, "हिशेब बरुबर असंल तुजा. पर शेवटची पाटी माजीच व्हती का न्हाई?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं ती आपणहून म्हणाली, "सतरा का म्हनलास?" मी पुन्हा सांगितलं. "सासू-आजेसासूच्या?" हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि पेले विसळायला घेऊन गेली. त्यानंतर दोन-तीनदा तिनं मला तेच विचारलं. शेजारच्या काकूंना सांगतानाही ऐकलं : "आमचा पोरगा मनतोय, सतरा हिस्से आदीचेच व्हते." एवढंच. त्यानं तिचं ओझं किती उतरलं, हे मोजायची पट्टी माझ्याकडं नाही.

ड्रॉइंगचा कागद मी पेटीत टाकला. आणि तीन वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट केली. आजीला विचारलं, "तुला कसं पायजे?"

तिला सांगता येईना. "मला काय कळतंय," म्हणाली. तेव्हा मी वेगळं विचारायला लागलो. झोपताना तोंड कुठं करतीस? दाराकडं. का? दार दिसाय पायजे, उघडं हाय का न्हाई. रात्री किती वेळा उठतीस? तीनदा. पहिल्यांदा काय बघतीस? म्हैस बसलीय का उभी. जनावर उभं असलं तर कायतरी हाय समजायचं. त्या रातीला सगळी जनावरं उभी व्हती, आमाला कळलं न्हाई. डोक्यावर काय चालेल? हलकं कायबी. मग तिनं एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. म्हणाली, "गावाभाईरची कुडाच्या छपरात राहनारी लई वाचली बघ. आमी माळवदवाले, वाडेवाले गेलो. त्यायला आमी कवा गावात घिऊन घर बांधू दिलं न्हाई, म्हनून ती जगली." ज्या जुन्या गावाच्या आठवणीत मी वर्गात रमत होतो, त्याची ही बाजू मी ड्रॉइंगमध्ये कधी घेतली नव्हती. आणि नव्या गावाचे रस्ते इतके रुंद का, तेही मला त्या दिवशी उमगलं. जुन्या बोळांतून पळताना वरून दगड पडून माणसं गेली होती, दगडांनी बोळ बुजून मदत आत पोचली नव्हती. ज्यांनी ते रस्ते आखले ते काही वेडे नव्हते. त्यांनी मरणाचा विचार केला होता. विरजणाला जाणाऱ्या बाईचा करायचा राहून गेला होता.

मग आम्ही ओसरी बांधायची ठरवली. खोली नाहीच. तीन बाजूंनी उघडी, फक्त मागची बाजू घराची. लोखंडी अँगलचे चार खांब, घराच्या भिंतीला न टेकलेले, त्यांचे ते उभे. वर पत्रा. पत्रा तापतो म्हणून त्याच्याखाली तुराट्यांच्या पेंढ्या तारेनं बांधायच्या, तुरीच्या काड्या आमच्या रानातल्याच. हात लावला तर हलतील एवढ्या हलक्या. खाली शहाबादी फरशीचा ओटा. ओटा किती उंच करायचा यावरून माझी आणि आजीची जुंपली. पुस्तकात बसायच्या जागेची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट दिलेली. आजीनं गवंड्याला विटा रचायला लावल्या, बसून बघितलं, एक थर काढायला लावला, परत बसली. पाय जमिनीला टेकले तेव्हा म्हणाली, "हितं." मी टेप लावला. चौदा इंच. पुस्तकातल्या माणसाचे पाय आजीच्या पायांपेक्षा लांब होते.

देवळी मात्र तिला हवी होती. उघड्या ओसरीला देवळी कुठं करणार? गवंड्यांनी ओट्याच्या अंगातच, जमिनीपासून वीतभर वर, एक कोनाडा सोडला. गोठ्याकडं तोंड करून. दिवा लावला की म्हशीच्या अंगावर उजेड पडायचा. बाजेवर पडल्या पडल्या तिला दार दिसायचं, म्हैसही दिसायची.

सुट्टी संपल्यावर मी हेच काम कॉलेजात मांडलं. दुसरे लोक म्युझियम आणि रिसॉर्ट मांडत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यामागची संकल्पना काय?" मी बरंच पाठ करून गेलो होतो. बेलापूर, अरण्य. इजिप्तचे हसन फाती, ज्यांनी १९४०च्या दशकात लक्झरजवळ गरिबांसाठी मातीच्या विटांचं सुंदर गाव बांधलं आणि ज्यांच्यासाठी बांधलं ते फारसे तिथं राहायला गेलेच नाहीत. पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "आजीला रात्री म्हैस दिसायला पाहिजे होती." दोघे-तिघे हसले. मार्क बेताचेच पडले. एका मॅडमनी मात्र शीट जवळ घेऊन विचारलं, "ही बाज तुटक रेघेनं का काढलीय?"

मी म्हणालो, "ती अजून आत आलेली नाही."

कारण खरंच आली नव्हती. ओसरी पुरी झाली त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून आजीची बाज ओट्यावर ठेवली. बरोबर मधोमध, पत्र्याखाली. आईनं नवी गोधडी अंथरली. सकाळी उठून बघतो तर बाज सरकलेली. डोक्याकडचे दोन पाय ओट्याच्या अगदी कडेला, आजीचं डोकं पत्र्याच्या बाहेर, आभाळाखाली. आप्पा म्हणाले, "राहू दे. सवय आहे."

पण जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा आईचा फोन आला. इकडची-तिकडची विचारपूस झाली, आणि मग आई म्हणाली, "अरे, काल लई पाऊस झाला. मी भ्याले, म्हटलं म्हातारी बसून राहिली असंल. जाऊन बघते तर झोपलेली. पत्र्याखाली. डोकं आत घेतलेलं."

"पूर्ण आत?"

"हातभर तरी आत असंल," आई म्हणाली.

मी वही काढली आणि प्लॅनवरची बाज हातभर आत सरकवली.